तांदळातली फुलं

"बाईंनी आमच्या गवरीची वेणी करून ठेवली असंल, ती न्यायला आले," सोनुबाई म्हणाली. छत्री तिने मिटली होती, पण पायरी चढली नव्हती. मागे फाटकाशी तिची जाऊ ठकी उभी होती. तिने तर छत्रीही मिटली नव्हती.

ईशानीच्या हातात फडकं होतं. सकाळपासून तिने खिडक्यांचे गज पुसले होते, पंख्याची पाती पुसली होती आणि बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट, जे कालच पुसलं होतं, ते पुन्हा पुसायला घेतलं होतं. आई जाऊन दोन महिने होत आले होते. पुण्यातल्या कॉलेजच्या ग्रंथालयातून ती रजा घेऊन लोधिवलीला वडिलांपाशी राहिली होती. येताना आणलेली पुस्तकं अजून पिशवीतच होती. बसलं की उठावंसं वाटे, आणि उठलं की कशाला उठलो ते आठवत नसे. मग फडकं हातात यायचं.

"आत या ना मावशी."

"नको गं, पाय चिखलाचे हायत. उद्या गवर यायची, अजून तेरडा आणायचाय."

"पायाचं काय सांगतेस तिला," फाटकातून ठकी बोलली. "सरळ बोल ना. त्यांचं वरीस चालू हाय. असल्या घरची वस्तू देवीच्या डोक्यात घालायची का? मी म्हणते, शिळफाट्यावरनं पिलास्टिकची आणू. मोगऱ्यावानी दिसते, वर धुता बी येते."

"तू गप गं. सुतक कवाच फिटलं."

"फिटलं तर मग गणपती का नाय आणला यांनी?"

"त्यांनी नाय आणला, आपण आणलाय. आन गवर येते ती आपल्याकडं."

दोघी आपल्याविषयी बोलताहेत आणि आपण मध्ये फडकं धरून उभे आहोत, हे ईशानीच्या जरा उशिरा ध्यानात आलं. "केलेली आहे वेणी," ती घाईने म्हणाली. "थांबा, आणते."

फुलं कुठे आहेत ते तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ती तिनेच हलवली होती. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघर आवरताना तांदळाच्या मोठ्या डब्यात हात घातला, तर खाली काहीतरी मऊ लागलं. मलमलच्या फडक्यात बांधलेली कागदाची शेवंती. पिवळी, केशरी, मधूनच एखादं पांढरं फूल. आई शेवटी शेवटी काहीही कुठेही ठेवायची. चष्मा एकदा फ्रिजमध्ये सापडला होता. ईशानीने फुलं झटकली आणि काचेच्या कपाटात वरच्या कप्प्यात, सगळ्यांना दिसतील अशी, ओळीने मांडली होती.

काच तिने कालही बाहेरूनच पुसली होती, आत बघितलं नव्हतं. आता तिने कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. फुलं फुलं राहिली नव्हती. आठवडाभराच्या सततच्या पावसाने कागद ओलसर झाला होता, मैद्याची खळ सुटली होती, आणि एकेक गुंडाळी सैल पडून मोकळी झाली होती. कप्प्यात कातरलेल्या पट्ट्या लोळत होत्या.

ती बाहेर आली. "ओवायची राहिलीय," ती म्हणाली. "उद्या सकाळी देते."

"बघ, झालीच नाय," ठकी म्हणाली.

सोनुबाईने ईशानीच्या तोंडाकडे पाहिलं. "गवर दुपारी उंबऱ्यात यायची. त्याच्या आत दे म्हंजे झालं. मी येईन."

दोघी गेल्या. आतल्या खोलीच्या दारात हरीभाऊ, तिचे वडील, पेपरची घडी हातात घेऊन उभे होते.

"तांदळात होती ती," ते म्हणाले.

"मला वाटलं, विसरून ठेवली असतील. चष्म्यासारखी."

"चष्मा चुकून. फुलं मुद्दाम. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, तिथे कागद काय टिकणार! तांदूळ ओल ओढून घेतो, म्हणायची. मला दोनदा भातात पाकळी लागलीय."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"तू परवा माझ्या अंगावरची गंजीसुद्धा धुवायला काढलीस. तुला सांगणार कोण?"

ईशानीला हसू आलं नाही, पण फडकं तिने खाली ठेवलं.

ईशानीच्या आईने, द्वारकाबाईंनी, शेजारच्या चौक गावच्या शाळेत आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, उजव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत. बोटांना काहीतरी बारीक काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. मोबाइलवर कोणी बाई कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं करताना त्यांना दिसली, आणि तेव्हापासून त्यांचं वर्ष कागदावर चालू लागलं. संक्रांतीला काळ्या कागदाचे पतंग, पाडव्याला गुढीची गाठी, राखीपौर्णिमेला राख्या, दिवाळीला कंदिलावरची नक्षी, नाताळात शाळेतल्या मुलांसाठी चांदण्या. क्विलिंग म्हणतात याला, हे त्यांनी ईशानीला फोनवर सांगितलं होतं. स्वतः मात्र त्या 'गुंडाळ्या' म्हणत. भाद्रपदात सोनुबाईच्या गौरीची वेणी ठरलेली. पावसात खरी फुलं कुजतात, ही निदान तीन दिवस टिकते, म्हणून त्यांनी ती एकदा सहज करून दिली. पुढच्या वर्षी सोनुबाई मागायला आली, आणि मग तो रिवाजच झाला.

ईशानी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. पट्ट्या तिने तव्यावर जरा शेकून घेतल्या. आईचं हत्यार खिडकीत ग्लासमध्ये उभंच होतं. खराट्याचा एक हीर, टोकाशी ब्लेडने चीर दिलेला. चिरेत पट्टीचं टोक अडकवायचं आणि हीर फिरवायचा, एवढंच तर काम.

पहिली पट्टी गुंडाळताना मध्येच वाकडी झाली. दुसरी तडकली. तिसरी इतकी अंग चोरू लागली की ईशानीने ती चुरगळून टाकली आणि ती उठली. पाणी प्यायली. ओट्यावरचे डबे सरळ केले. हायवेवरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली, आणि तिने काच दाबून धरली. पुन्हा येऊन बसली. चौथी पट्टीही तडकली.

"कागद जुना झालाय," ती म्हणाली.

हरीभाऊ लसूण सोलत समोर बसले होते. "कागद जून महिन्यातला आहे."

"मग माझ्या हाताने का होत नाहीये?"

"मला काय विचारतेस? मी नुसता भातातल्या पाकळ्या काढणारा माणूस."

तिने न उलगडलेलं एक फूल शोधून काढलं. अगदी लहान, पांढरं. दिव्याखाली धरलं, तशी तिला गुंडाळी दिसली. मधल्या टोकापासून ती डावीकडे फिरत गेली होती. हातातल्या मोकळ्या पट्टीकडे पाहिलं, तर तिलाही बाक होता, तोही तिकडेच. ईशानी इतका वेळ कागदाला त्याच्या वळणाच्या उलट फिरवत होती.

"आई डाव्या हाताने करायची," ती म्हणाली.

"उजव्यात होतं काय तिच्या!" हरीभाऊ लसणाकडे बघत म्हणाले. "सुरुवातीला एक गुंडाळी होईपर्यंत वरणाच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. मी म्हटलं, सोड. तर म्हणाली, हा हात आयुष्यभर नुसता पदर सावरत बसला, आता याला शाळेत घातलाय."

ईशानीने हीर डाव्या हातात घेतला. बोटं लाकडाची असावीत तशी वागू लागली. हीर दोनदा निसटून खाली पडला. पण पट्टी तडकली नाही. बाकाच्या वाटेने ती गेली, सैल, वेडीवाकडी, आणि शेवटी एक ओबडधोबड शेवंती हिरावरून उतरली. तिने टोकाला खळ लावली, चिमटीत धरून ठेवलं. खळ धरेपर्यंत हलता येत नव्हतं. आठवड्यात पहिल्यांदाच ती न हलता बसली.

दिवेलागणीला हरीभाऊंनी कुकर लावला. "फुलं तांदळात टाकण्याआधी सांग," ते म्हणाले, "म्हणजे मी आधी माझं माप काढून घेतो."

सगळ्याच पट्ट्या वाचल्या नाहीत. आधी उजव्या हाताने तिने ज्या मोडल्या होत्या, त्यांच्या जागी नव्या कापाव्या लागल्या. नव्या कागदाला कुठलाच बाक नव्हता. तो कसाही फिरला असता. ईशानीने हीर डाव्याच हातात ठेवला.

सकाळी सोनुबाई एकटीच आली. आज ती पायरी चढली, पण उंबऱ्याबाहेर थांबली. ईशानीने तांदळातून फडकं काढलं, फुलं दोऱ्यात ओवलेली वेणी तिच्या ओंजळीत ठेवली. सोनुबाईने ती वर धरली, फुंकर मारून तांदळाचा कोंडा उडवला.

"ही दोन-तीन जरा ढबू झालीत," ती म्हणाली.

"ती माझी."

"असू दे. गवरीचं डोकं मोठं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू येणार नायस ना बघायला?"

"नको मावशी. ठकीकाकूंना आवडायचं नाही."

"तिला काय आवडतं? भावकीतल्या लग्नात जिलेबीला बी नावं ठेवते ती." सोनुबाई वेणी पदराखाली घेऊन पावसात उतरली. छत्री तिने स्वतःवर नाही, पदरावर धरली होती.

गौर जेवली ते ईशानीने लांबून, आवाजांवरून ओळखलं. टाळ, फुगडीच्या बायकांचा दंगा, मग शांतता. वेणी खरंच डोक्यात घातली की कोनाड्यात राहिली, हे कोणी सांगायला आलं नाही, आणि तिने हरीभाऊंना विचारायला पाठवलंही नाही. त्या दोन दिवसांत तिने कपाट पुसलं नाही. दर थोड्या वेळाने खिडकीपाशी मात्र गेली.

विसर्जनाच्या दिवशी पाऊस उघडला. नदीकडची वाट त्यांच्या फाटकावरूनच जात होती. आधी ढोलाची पोरं गेली, मग टेंपोत बसलेला गणपती, त्यामागे बायका. सोनुबाईच्या डोक्यावर गौर होती, तेरड्याच्या जुडीवर मुखवटा बसवलेली, हिरव्या साडीची, नथीची. ईशानी दाराच्या जाळीमागे उभी राहिली. फाटक उघडायला ती गेली नाही. समोरून गौर येताना नुसता चेहरा दिसत होता. गौर तशीच फाटकावरून पुढे निघाली.

सोनुबाई थांबली. मागच्या बायका तिच्यावर येऊन थडकल्या. मग ती जागच्या जागी हळूहळू वळली, दोन्ही हातांनी वरची गौर सावरत, आणि गौरीची पाठ घराच्या दाराकडे झाली.

"अगं ए! देवीची पाठ काय दावतेस त्यांना?" ठकी ओरडली.

"वेणी पाठीलाच असते ना गं," सोनुबाई म्हणाली.

ढोल पुढे गेले होते. गौरीच्या साडीचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो ठकीने पुढे होऊन सारखा केला, म्हणजे वेणी झाकली जाणार नाही इतपत.

ईशानीने जाळीला कपाळ टेकलं. पिवळी, केशरी, मधूनच पांढरी. ढबू फुलं कुठली, ते एवढ्या लांबून तिला ओळखता आलं नाही.

बायका निघाल्या. वळणावर हिरवी साडी दिसेनाशी झाली. हरीभाऊ मागून म्हणाले, "भात टाकतेस ना?"

ती आत गेली. डब्याचं झाकण काढलं आणि माप बुडवण्याआधी हात तळापर्यंत घालून चाचपून पाहिलं. खाली नुसते तांदूळ होते. तिने हात थोडा वेळ तसाच राहू दिला.