पाठीवरचा गुलाबी डबा

"दीपे, हलवून बघितल्याबिगर पोरीच्या पाठीला डबा बांधू नको."

आबा एवढंच म्हणाले होते. दीपाली म्हणाली, "बघितलंय आबा. पडा तुम्ही."

तिनं बघितलं नव्हतं. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण मित्रांनो, तो डबा मीच.

मी एक जुना, पाच किलोचा, पत्र्याचा डबा आहे. कळंबच्या बाजारातून गोडंतेल पोटात घेऊन मी बिभीषण आबांच्या घरी आलो. तेल संपलं तेव्हा वाटलं, आता आपल्या नशिबी मीठ, नाहीतर चटणी. पण आबांनी मला तीन दिवस उन्हात पालथा ठेवला. माझं तोंड डाग देऊन कायमचं बंद करून आणलं आणि सगळ्या शिवणींवर वितळलेलं डांबर बोटभर जाड चढवलं. तोंड नसलेला डबा कशाच्या कामाचा, असं तुम्हाला वाटेल. मी हवा सांभाळायचो. वाशीच्या रस्त्याला आबांचं शेत आहे, शेतात पायऱ्यांची विहीर आहे आणि त्या विहिरीत पोरं माझ्या जिवावर पोहायला शिकायची. कासऱ्याचे दोन फेरे काखेतून, गाठ छातीवर, मी पाठीवर. एक धक्का, की पोरगं पाण्यात!

माझ्या नोकरीचा एकच कायदा होता. बांधण्याआधी आबा मला कानाशी धरून हलवायचे, नारळ घेताना हलवतात तसं. आतून काही वाजलं नाही तरच गाठ. काल बघितलंय म्हणून आज सोडून दिलं, असं एकदाही झालं नाही. काठावरचं कुणीतरी टोमणा मारायचं, "आबा, डबा गाणं म्हणतोय का?"

"म्हणाला की समजायचं, पोरगं चाललं," आबा म्हणायचे. "गप हाय तवर आपला हाय."

दीपाली आठ वर्षांची असताना माझ्याच भरवशावर पोहायला शिकली. पुढे ती धाराशिवला कॉलेजात गेली, बीएस्सी झाली, कळंबच्या सिद्धेश्वर मास्तरांशी तिचं लग्न झालं. मी खोपीतल्या खुंटीला लटकून राहिलो. वर्षं गेली. माझ्याभोवती कोळ्यांनी जाळी विणली, उंदरांनी कासरा कुरतडला. विहिरीवर येणारी पोरं कमी झाली. तक्रार करायला मला तोंड नव्हतं, ते आधीच बंद केलेलं.

मग गेल्या उन्हाळ्यात दीपालीची लेक आली. शिवांजली, नऊ वर्षांची. आबांनी नवा कासरा आणला, जुन्या डांबरावर थोडं नवं चढवलं. महिनाभर मी त्या पोरीच्या पाठीवर होतो. माझ्या म्हातारपणातले ते सगळ्यात चांगले दिवस. दीपाली काठावर उभी राहायची, पापणी न हलवता. तिचा स्वभावच तसा. पाणी दोनदा उकळायची, दुपारी झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. सासू तारामती म्हणायची, "लई शिकलं की असं होतंय. आमची काय जगली न्हाईत का लेकरं?" दीपालीला ते लागायचं. पोरीला साधा ताप आला तरी तिला वाटायचं, आता घरातले सगळे आपल्याकडंच बघणार.

नाताळच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरलं. पाण्यात तोंड घालून, काचेचा चष्मा लावून, तोंडात नळी धरून मासे बघायचे होते. शिवांजलीनं तो हट्टच धरला होता. दीपालीनं आठ दिवस मोबाइलवर वाचलं आणि अट घातली, "गर्दीच्या बोटीत बसणार नाही. बोट आपल्या एकट्याची पाहिजे आणि ती न उलटणारी." म्हणून कॅटमरान ठरली. कॅटमरान म्हणजे शेजारी शेजारी दोन होड्या आणि त्यांच्यावर एकच फळी. आबांनी समुद्र कधी बघितला नव्हता, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. आणि मला. "जॅकेटचं काय सांगता येतंय," दीपाली म्हणाली, "डब्याचा मला भरवसा आहे."

मित्रांनो, भरवसा हा शब्द ऐकून माझा पत्रा फुलून आला होता. त्याच दुपारी तिनं मला घरी नेऊन धुवायला घेतलं.

तिचा हेतू वाईट नव्हता. गंजानं पोरीची पाठ सोलवटेल, जखम होईल, ती पिकेल, अशी तिला भीती. तिनं साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि मला घासायला बसली. शिवणीवरचं काळं तिला मळ वाटला. निघेना तेव्हा उलथन्यानं खरवडलं. आबांचं पंचवीस वर्षांचं डांबर मोरीतून वाहून गेलं. खाली माझा पत्रा कागदासारखा झाला होता आणि एके ठिकाणी सुईच्या टोकाएवढं भोक होतं. तिला ते दिसलं नाही. तिनं मला गुलाबी ऑइलपेंटचे दोन हात दिले. शिवांजली टाळ्या वाजवत म्हणाली, "आई, डबा नवरीसारखा दिसतोय!"

निघायच्या दिवशी आबांनी मला पाहिलं. गुलाबी रंगावरून, शिवणीवरून हात फिरवला. काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि दीपालीनं मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं.

समुद्रावर आबांनी कॅटमरान पाहिली आणि हसले. "ही तर बैलजोडी हाय की! दोन बैलं आन मधी जू." बोटवाला बाबल तांडेल हसला. पण बोट खाडीबाहेर पडली, लाटा लागल्या आणि आबांचं हसू संपलं. ज्या माणसानं विहिरीच्या काठावरून शेकडो उड्या मारल्या, तो दोन होड्यांमधल्या जाळीवर आडवा पडून ओकत होता. सिद्धेश्वरांनी त्यांचा फोटो काढला. "मामा, हसा की जरा!"

खडकाजवळ नांगर टाकला. बाबलनं शिवांजलीला जॅकेट घातलं. ते तिला मोठं होतं, वर सरकून कानाला टेकायचं. बाबलनं पट्टे आवळून दिले. दीपालीनं पिशवीतून मला काढलं तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताईनु, ह्यो डबो कित्याक? चेडवाक जाकीटच व्हया. दर्या म्हणजे बाव न्हय."

चेडू म्हणजे पोरगी, बाव म्हणजे विहीर, एवढं दीपालीला कळलं. "बरं बरं," ती म्हणाली. बाबल सिद्धेश्वरांना चष्मा कसा लावायचा ते शिकवायला त्यांना घेऊन पाण्यात उतरला. पोरगी म्हणाली, "आई, टोचतंय." दीपालीनं जॅकेट काढलं आणि मला बांधलं. जाळीवरून आबांनी मान उचलून बजावलं आणि तिनं ते उत्तर दिलं, जे मी तुम्हाला पहिल्यांदाच सांगितलं.

उतरताना मी शिडीच्या लोखंडी कडेवर आपटलो. भोकावरचा रंगाचा पापुद्रा उडाला आणि भोक रुंदावलं.

विहिरीत पोरं बुडायला लागली की ओरडतात. सगळं गाव धावतं. इथं पोरीच्या तोंडात नळी होती. विहिरीत पोरगं स्थिर पडलं की काळजाचा ठोका चुकतो. इथं स्थिर पडणं हेच शिकवलेलं होतं. पालथं पडायचं, हलायचं नाही, मासे बघायचे. पाणी बारीक धारेनं माझ्या पोटात येत होतं. मी वाजत होतो, मित्रांनो. तीन वाट्या झालं, तांब्याभर झालं, अर्ध्याच्या वर गेलं. मी जिवाच्या आकांतानं वाजत होतो, पण माझ्याशी कान कुणाचाच नव्हता. दीपाली हाताच्या अंतरावर, शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. पापणी न हलवता बघत होती आणि मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. "शिवू, निळा दिसला का गं?" ती विचारत होती. नळीचं टोक पाण्याखाली गेलं तेव्हाही ती तेच विचारत होती.

आबांनी दुसऱ्यांदा मान उचलली. त्यांनी पोरीकडं नाही, माझ्याकडं बघितलं. विहिरीत मी नेहमी पाण्यावर वीतभर दिसायचो.

"डबा दिसंना!"

एवढंच ओरडले आणि त्या ओकून पिळून निघालेल्या एकाहत्तर वर्षांच्या माणसानं सदऱ्या-धोतरासकट उडी मारली. ओला कासरा आवळला होता, गाठ सुटेना. तेव्हा आबांनी पोरीला दोन्ही हातांनी वर उचललं आणि स्वतः खाली राहिले. दीपाली शिडीला धरून नुसती किंचाळत होती. बाबल पोहत येईपर्यंत ते तसेच होते. पोरगी पाण्यावर, आबा पाण्याखाली.

शिवांजली वाचली. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवून घेतलं. सगळे तिच्याभोवती होते. ते बरोबरच होतं. आबा बाहेरच्या बाकड्यावर ओल्या धोतरात बसून खोकत होते, मी त्यांच्या पायाशी होतो. त्यांना कुणी तपासलं नाही. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी सिद्धेश्वरांनी फोन लावला, स्पीकरवर. तारामतीचा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. "जॅकेट असताना डबा बांधला कुणी? बघून बांधला न्हाय का? का डोळे फुटले होते?"

सिद्धेश्वरांनी दीपालीकडं बघितलं. आतून पोरीचा खोकला ऐकू आला. दीपालीचे ओठ हलले. मला वाटलं, आता ही खरं सांगेल.

"आबांनी दिला," ती म्हणाली. "बघून दिलाय म्हणाले."

आबांनी मान वर केली. बापलेकीनं एकमेकांकडं पाहिलं. मी त्या दोघांच्या मधे पडून होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तोंड हवंसं वाटलं.

"व्हय," आबा म्हणाले. "म्याच बघितला. म्याच चुकलो."

"इवाई, तुम्ही माझी नात मारली असती!" फोनमधून आवाज आला. "ती पुन्हा तुमच्या शेताची पायरी चढणार न्हाय. सांगून ठेवते."

आबांनीच मला परत आणलं. पाण्यासकट खुंटीला टांगलं. भोक वर राहिलं, म्हणून पाणी आतच राहिलं. जानेवारीत वेळ अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला जातात. आबांनी एकट्यानं पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी शिजवली, आंबिलाचं मडकं भरलं, चार पत्रावळ्या मांडल्या. दिवस कलेपर्यंत रस्त्याकडं बघत बसले. मग तीन पत्रावळ्या गाईपुढं ठेवल्या. चौथी, त्यांची स्वतःची, तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात दीपाली आली. एकटीच, स्कूटीवर. तिच्यामागं भंगारचा टेम्पो होता. महांतप्पा नावाचा नळदुर्गचा भंगारवाला वाटेवर दिसला, त्याला ती घेऊनच आली होती.

आबा खोपीतून बाहेर आले. खोकला थोपवत म्हणाले, "ये की. चहा टाकतो."

"चहा नको. तो डबा द्या याला. शिवूच्या नजरेला नको पडायला. अजून दचकते." ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. "आणि आबा... तिकडं फोन करू नका काही दिवस. सासूबाई चिडतात."

"बरं," आबा म्हणाले. त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

महांतप्पानं मला हातात घेतलं आणि सवयीनं कानाशी धरून हलवलं. मी वाजलो. सगळ्यांनी ऐकलं.

"आबा, पाणी हाय की यात. ओतू का?"

"ऱ्हाऊ दे. समुद्राचं हाय. लांबून आलंय."

महांतप्पानं मला उलटं-पालटं केलं, शिवणीवर नख फिरवलं. "अरेरे! डांबर कुणी खरवडलं याचं? डांबर असतं तर थेंब गेला नसता आत. कुठल्या शाण्याचं काम?"

दीपालीचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला. तिनं बापाकडं पाहिलं. आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"म्याच," ते म्हणाले. "म्हातारा झालोय. मळ वाटला."

मित्रांनो, त्यांना ठाऊक होतं. निघायच्या दिवशी शिवणीवरून हात फिरवला तेव्हाच त्यांना कळलं होतं, म्हणून तर बोटीवर ओकता ओकता त्यांनी बजावलं होतं. आणि त्यांना ठाऊक आहे, हे त्या क्षणी दीपालीलाही कळलं. आता ती रडेल, आबांच्या पाया पडेल, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं. ती स्कूटीजवळ गेली. तिथून परत वळली, पण आबांकडं नाही, टेम्पोकडं.

"अण्णा," ती हळू आवाजात महांतप्पाला म्हणाली, "या बाजूला पुन्हा आलात तर आबांकडं जरा बघून जा."

"बघतो की, ताई."

आता मी नळदुर्गला हायवेच्या कडेला, पत्र्यांच्या ढिगात पडून आहे. गुलाबी रंग उडाला, पोटातलं पाणी कधीच सांडलं. महांतप्पा त्या बाजूला पुन्हा गेलेला नाही. त्याला ढोकीकडं चांगला माल मिळतो.

म्हणून हे काम मी तुमच्यावर सोपवतो. कळंबहून वाशीकडं जाताना पायऱ्यांची विहीर विचारा, कुणीही दाखवेल. तिथं बिभीषण आबा एकटे राहतात. त्यांना विचाराल, तर ते म्हणतील, "बेस हाय, मला काय धाड भरलीय." तेवढ्यावर उठू नका. जवळ बसा, चहा घ्या, त्यांच्या छातीला कान लावता आला तर लावा. आत काही वाजतंय का, ते ऐका. मग घरी जाऊन दीपालीला सांगा, किंवा नका सांगू. पण ऐकल्याशिवाय "बघितलंय" असं तेवढं म्हणू नका.