निळ्या झेंड्यांची वाट

संगमेश तीन वर्षांचा झाला तरी उभा राहीना, तेव्हा त्याची आई उमादेवी नवस बोलल्या होत्या. पोर चालू लागलं की रोज पहाटे मांजरा नदीचं पाणी महादेवाला घालीन, आणि घालेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. पोर चाललं, पुढं पळायलाही लागलं. नवस कधी चुकला नाही.

आता मोठ्या झालेल्या संगमेशने त्या रविवारी गावात पळायची शर्यत ठेवली होती आणि नदीकाठी तिच्या तीन वाटा आखल्या होत्या. निळ्या झेंड्यांची वाट सगळ्यात सोपी, लहानथोरांसाठी. महादेवाच्या देवळाकडे जायलाही तीच एक वाट होती. लातूर-उदगीरहून माणसं पळायला आली होती.

उमादेवी भरला तांब्या घेऊन आल्या, तर वाटेवर दोरी धरून उभ्या असलेल्या बाईने अडवलं.

"ओ मावशी, नंबर कुठाय छातीवर? मधीच काय घुसून राहिल्या? बोला की, मुक्या हाव का?"

उमादेवींनी पाहुण्यांत उभ्या असलेल्या संगमेशकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं, आधी आईच्या डोळ्यांकडे, मग चिखलाने भरलेल्या अनवाणी पायांकडे.

"गावातल्या हायत," तो त्या बाईला म्हणाला. "सगळे पळून आल्यावर सोडा."

उमादेवी वाटेकडेच्या बाभळीखाली बसून राहिल्या. पहाटेचं पाणी महादेवाला पोचलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

घरी संगमेश म्हणाला, "आई, लई गडबड होती गं. तू तरी सांगायचं, संगमेशची आई हाय म्हणून."

उमादेवींनी रिकामा तांब्या पालथा घातला.

"माझं मौन होतं, बाळा," त्या हळूच म्हणाल्या. "तुझं काय होतं?"