सहाशे बारा जणांचे पाय

ताईंच्या कारखान्यात बूट बनत, पण दुकानाच्या फळीवर मिळतात तसले नाहीत. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची अपघातात बोटंच गेलेली, अशा माणसांचे. कारखाना म्हणायचं एवढंच. दोन खोल्या, एक शिलाईचं मशीन आणि मागे कलबूत कोरणारं यंत्र. कलबूत म्हणजे पायाचा लाकडी साचा, ज्यावर चामडं ओढून बूट शिवतात. साचा चुकला की बूट चुकला, आणि बूट चुकला की माणूस घरी बसला.

पूर्वी हे साचे ताईंचे सासरे कानशीनं घासून करत. नऊ वर्षांपूर्वी ताईंनी यंत्र आणलं आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर घेतलं. पाय काचेवर ठेवला की माप कॉम्प्युटरात जाई, ताई पडद्यावर साचा हवा तसा वाढवत-घटवत आणि यंत्र तो कोरून देई. जागा हवी म्हणून भिंतीवरचे जुने साचे त्यांनी काढून टाकले, तेव्हा मामंजी आठवडाभर मिठाची गुळणी धरून बसले होते.

सॉफ्टवेअर अडलं की एका नंबरवर फोन करायचा. पलीकडे नेहमी तोच शांत आवाज. ताई त्यांना ‘फोनवाले भाऊ’ म्हणत. नऊ वर्षांत तोंड पाहिलं नव्हतं, पण यंत्राची नुसती घरघर ऐकून कुठला भाग कुरकुरतोय ते भाऊ सांगत. सुट्टीच्या दिवशीही अडायला नको म्हणून त्यांनी स्वतःचा नंबरही देऊन ठेवला होता. ताईंनी तो कधी लावला नव्हता. माणसाला घरदार असतं, असं त्यांचं म्हणणं.

एका सोमवारी सकाळी पडद्यावर सूचना आली: परवाना तपासता येत नाही, नवं काम करता येणार नाही. ताईंनी कंपनीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दहाव्यांदाही तेच. भाऊंचा स्वतःचा नंबर लिहिलेली चिठ्ठी एवढ्या वर्षांत कुठे गेली ते सापडेना. दुपारी कारखान्यांना सामान पुरवणाऱ्या एकानं खरी बातमी दिली. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं दावा लावला होता की या सॉफ्टवेअरचा अर्धा भाग आपल्याकडून उचललेला आहे. कोर्टानं ते मान्य केलं आणि कंपनीला टाळं लागलं.

ताई कॉम्प्युटरसमोर येऊन बसल्या. आत सहाशे बारा जणांची मापं होती आणि ती दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडत नव्हती. त्यात शाळेतल्या एक बाई होत्या. बसखाली पाय चिरडला, दोन ऑपरेशनं झाली, आणि आता एक तारखेला त्या पुन्हा वर्गावर उभ्या राहणार होत्या. त्यांचा साचा त्याच दिवशी कोरायचा होता.

आता मामंजी काय ऐकवतील, याचीच ताईंना जास्त धास्ती. मामंजी दारात उभं राहून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, “सूनबाई, कंपनी बंद पडली. माणसांचे पाय तर चालू आहेत ना? त्या बाईंना उद्या बोलाव. आणि माझी कानस कुठे ठेवलीस ते सांग.”

‘मी तेव्हाच सांगत होतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडून त्या दिवशी निघालं नाही, आणि पुढेही कधी नाही. ताई माळ्यावर चढल्या त्या कानस शोधायला कमी आणि डोळे पुसायला जास्त.

बुधवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज ओळखीचा होता. भाऊ म्हणाले की नोकरी जाऊन तीन आठवडे झाले, कार्यालयातलं काहीच बरोबर आणता आलं नाही, पण ज्यांना स्वतःचा नंबर दिला होता ते त्रेचाळीस जण त्यांच्या फोनमध्ये होते. बंद कंपनीचा कारभार बघायला कोर्टानं नेमलेल्या अधिकाऱ्याला ते चार वेळा जाऊन भेटले होते. अधिकाऱ्याचं आधी ठाम नाही होतं. चौथ्या खेपेला अधिकाऱ्यांनी लेखी परवानगी दिली: सॉफ्टवेअर वादातलं असलं तरी मापं ग्राहकांची, ती त्यांना काढून घेऊ द्यावीत. त्यासाठी परवाना महिनाअखेरपर्यंत तात्पुरता चालू होणार होता. बाकीच्या ग्राहकांना अधिकारी पत्र पाठवणार होते.

“पण पत्र वाचून ते जमायचं नाही ताई,” भाऊ म्हणाले. “एकेक फाइल हातानं काढावी लागते. मी सांगतो तसं करा.”

उरले होते अकरा दिवस. रोज दहाच्या ठोक्याला भाऊ फोन करत, दहा-पंधरा मिनिटं अडचणी सोडवत आणि पुढच्या ग्राहकाकडे वळत. ताई एकेक माप उघडत, साध्या फाइलमध्ये उतरवून घेत, नाव पुकारत. मामंजी शेजारी बसून लाकूड घासत आणि नाव ऐकलं की त्या पायाची गोष्ट सांगत. हा पोस्टमन, याची टाच. ही नर्स, हिचा अंगठा. नऊ वर्षांत दोघं एका जागी इतकं बोलले नव्हते.

शाळेतल्या बाईंचा बूट पाच दिवसांत तयार झाला. मामंजींचा हात थरथरत होता, म्हणून शेवटचा हात ताईंनी फिरवला. बाई बूट घालून खोलीत एकदा इकडून तिकडे गेल्या, मग परत आल्या, आणि खुर्ची समोर असूनही बसल्या नाहीत.

महिना संपायच्या आदल्या दिवशी सहाशे बारावी फाइल उतरली. ताईंना नीट आभारही मानता येईनात. तुम्ही बिननोकरीचे, तुम्हाला यात काय मिळालं, असं त्यांनी विचारलंच.

भाऊ म्हणाले, “बारा वर्षं मी लोकांना सांगत आलो, काळजी करू नका, मी आहे. मग नाही म्हणायला जीभ रेटेना.”

त्या मापांचं पुढे काय करायचं हेही त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या एका छोट्या कंपनीचा प्रोग्राम त्या फाइली वाचत होता. ताईंनी तो घेताना त्या कंपनीच्या मालकिणीला सविस्तर पत्र लिहिलं: भाऊ कोण, त्यांनी काय केलं, कुणी सांगितलं नसताना केलं. ते पत्र त्यांनी ओळखीच्या कारागिरांनाही वाचून दाखवलं. अकरा जणांनी आपापली पत्रं धाडली. दोन महिन्यांनी त्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर ताईंनी फोन केला, तर उचलणारा आवाज तोच.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी भाऊ कारखाना बघायला आले. आवाजावरून ताईंनी उंचपुरा माणूस कल्पिला होता. आले ते ठेंगणे, टक्कल पडलेले, दारात संकोचून उभे राहिलेले. ताईंनी त्यांना बसवलं आणि बूट काढायला सांगितलं.

“माझे पाय अगदी साधे आहेत हो,” ते म्हणाले.

“असू देत. माप द्या.”

त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी बूट काढले तेव्हा कारण कळलं: डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मामंजी पोट धरून हसले, मग खुद्द भाऊही. ताईंनी त्यांचा पाय काचेवर ठेवला आणि रंग कुठला हवा ते विचारलं.