बांधावरच्या रेघांची वही

मी एक जुनी दोनशेपानी वही आहे. मित्रांनो, सरलेला काळ हलताना दाखवणारी आमच्या वाडीतली पहिली वस्तू मीच. पाठीवर मात्र तीसपर्यंतचे पाढेच छापलेले आहेत.

पेणच्या दुकानात मी गठ्ठ्यात वरून दुसरी होते. तिथून त्र्यंबक गुरुजींनी मला गडब गावापलीकडच्या खाडीकाठच्या वाडीत आणले. खाडीचे पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून तिथे मातीचा बांध आहे. प्रत्येक घराकडे त्याचा एक हिस्सा, आणि दुरुस्तीला सगळ्यांनी एकमेकांकडे जायचे, ही जुनी रीत. कोण कोणाकडे गेले ते गुरुजी नव्वद सालापासून दर महिन्याला टिपून ठेवत. सत्त्याण्णव संपताना ते सगळे त्यांनी माझ्यावर काढले. घर म्हणजे ठिपका, मदत म्हणजे रेघ, एका पानावर एक महिना. पाने अंगठ्याखालून भरभर सोडली की आठ वर्षे डोळ्यांदेखत सरकत.

पहिल्या पानावर घट्ट विणलेले जाळे होते. मग नाथाचा मुलगा रोह्याच्या कंपनीत शिफ्टला लागला, रेघ गेली. एका कोंबडीवरून दोन घरांत अबोला झाला. आणखी एक गेली. शेवटच्या पानावर ठिपके तेवढे राहिले आणि दोन रेघा.

बांधाला भगदाड पडत चालले होते. त्याला लागूनच धोंडुबाईचे शेत. उधाणाआधी सरकारने माती टाकली नाही, तर खारे पाणी पहिले तिच्या भातात जाणार होते. तिने मला फिरवून पाहिले.

"गुरुजी, ही वाडी नाय, फाटकं जाळं हाय."

"तेच पाहणीला येणाऱ्या सरकारी साहेबांना दाखवायचंय. बांध बांधायला माणसंच उरली नाहीत."

"मंग पानांवर सालं टाका की!"

"पळत्या पानावरचे आकडे कोण वाचतो, धोंडुबाई?"

साहेब जीपने आले. बांधावर चिखल होता, म्हणून पाहणी धोंडुबाईच्या ओटीवर झाली. उजव्या हातात चहाचा कप होता. त्यामुळे त्यांनी मला डाव्या हातात धरले आणि शेवटाकडून सुरुवातीकडे सोडले. सुटे ठिपके जुळू लागले, रेघा वाढल्या, जाळे विणून पुरे झाले.

"वा! काय एकी वाढलीय हो तुमच्यात!"

"साहेब, उलटी फिरवलीत."

"उलटंसुलटं आम्हाला कळतं, गुरुजी," असे म्हणून साहेबांनी मला पुन्हा तशीच फिरवली.

धोंडुबाई सुनेच्या कानाशी पुटपुटली, "पुतळे, त्येंच्या हातातला कप घे गो आधी!"

पुतळीने कप घेतला, आणि भरून परत दिला.

'ग्रामस्थांचे सहकार्य उत्तरोत्तर वाढत असल्याने सरकारी मदतीची आवश्यकता दिसत नाही,' असा अहवाल गेला. गुरुजींनी मग माझ्या प्रत्येक पानावर साल घातले. त्यानंतर मला कोणी मागितले नाही.

मित्रांनो, वह्या जपा. त्यांच्यावर तारीख घाला, आणि पाहुण्याच्या हाती वही द्यायची असेल तर चहा मागाहून द्या.

वाडीला त्या वर्षी एकीचे प्रशस्तिपत्र मिळाले. ते माझ्याच पानांत ठेवले आहे. धोंडुबाईच्या शेतात दोन वर्षे भात झालेला नाही.