हद्द न सांगितलेली रंगपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी रंगपट्टी. एका टोकाला गडद निळी, दुसऱ्या टोकाला लालभडक. आलेख काढणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत माझा जन्म झाला. कुणी आकडे दिले की मी त्यांना रंग देते. जिवाला स्वस्थता म्हणून नाही! दर पाच मिनिटांनी नवे आकडे येतात आणि मला पुन्हा ताणून बसवतात. त्यांतला सगळ्यांत लहान आकडा निळा, सगळ्यांत मोठा लाल.

एका दवाखान्यातल्या संगणकवाल्याने मला लसींच्या खोलीसाठी निवडलं. तिथे आठ फ्रिज होते. त्यांचं तापमान दोन ते आठ अंशांत राहायला हवं. खोली सांभाळणारी नर्स म्हणजे त्याची सख्खी वहिनी.

"वहिनी, आता आकडे वाचत बसू नका. निळ्या फ्रिजमधून डोळे मिटून डबा काढा."

"डोळे मिटले तर निळा कुठला ते कसं कळणार, भाऊजी?"

दोघे हसले. मीही फुशारले. पण हसण्याच्या नादात तो दोन आणि आठ हे आकडे मला सांगायलाच विसरला. रोज कुठलातरी फ्रिज लाल दिसायचा, वहिनी तो सोडून निळ्यातून डबा काढायची. दोन वर्षं असंच निभावलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी फ्रिजांचा मेन स्विच पडला. दुसऱ्या सकाळी सगळ्यांत गार फ्रिज तेरा अंशांवर होता, आणि मी त्याला निळा रंगवला. मला दुसरं काही येतच नव्हतं. बाहेर बाळं रडत होती, वहिनीची घाई चालली होती, माझा जीव खालीवर होत होता. ओरडायला मला तोंड नाही. तीन बाळांना टोचून झालं. चौथी कुपी मात्र तिच्या हाताला नेहमीसारखी गार लागेना. तिने फ्रिजमधला तापमापक पाहिला आणि ती कुपी बाजूला ठेवली. त्या लसीने अपाय होणार नव्हता, पण बाळांचं रक्षणही होईल याचा भरवसा नव्हता.

भाऊजी धावत आला. "चूक माझी आहे, वहिनी. मी जाऊन सांगतो त्यांना."

"टोचलं मी. आया माझ्याकडे बघून बाळ हातात देतात, तुमच्या पडद्याकडे बघून नाही."

ती स्वतः तिन्ही घरी गेली. दोघी आया बाळांना घेऊन परत आल्या. तिसरी दारातच भडकली. "पुन्हा सुई? तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

"नका ठेवू," वहिनी म्हणाली. "या, आणि आकडा स्वतः वाचा."

ती आली. नव्या लसींच्या फ्रिजमध्ये वाकून तिने मोठ्याने वाचलं, "चार." मगच तिने बाळाला मांडीवर घेतलं.

आता माझी टोकं दोन आणि आठवर पक्की बांधली आहेत. सगळे आठ अंशांच्या वर गेले तर आठही फ्रिज लाल दिसतात. तरी माझी तळमळ काही जात नाही. मित्रांनो, मला छान म्हणण्याआधी एवढं विचारत जा, हा निळा कितीचा? तिसऱ्या बाळाची आई दर खेपेला विचारते. आणि वहिनी तिच्यासाठी फ्रिजचं दार उघडून धरते.