कद्दीशपुरता दानियल

सॅमी माझा सख्खा धाकटा भाऊ. पण २००४ सालच्या त्या रविवारी, लंडनमधल्या स्टॅनमोरच्या त्याच्या लाउंजमध्ये, एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं मला.

आम्ही किहीमकर, कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्यात गेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष लागतात. नऊ असले तर होतच नाही. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि जमले होते नऊच. शेवटी शेवटी माझा हात धरून आईने एवढंच मागितलं होतं, "माझा कद्दीश चुकवू नका गं."

सॅमीने दानियलला फोन लावला. दानियल आमच्यातलाच, अलिबागकडचा, सुपरमार्केटात सिक्युरिटीला, सॅमीच्याच मागच्या खोलीतला भाडेकरू.

"घरातल्या माणसाला फोन कशाला रे?" मी विचारलं. सॅमी खुर्च्या मांडायला लागला.

तासाभराने दानियल आला, खांद्यावर भलीमोठी बॅग. "साहेबांना खोली हवी होती, मावशी," तो संकोचून म्हणाला. "सध्या मित्राच्या व्हॅनमध्ये झोपतो."

"अगं ताई, लेकीच्या सासरचे यायचेत," सॅमी कुजबुजला. "घरात युनिफॉर्मवाला भाडेकरू, बरं दिसतं का? ते नंतर बघू. दहा जण झाले, स्टार्ट करू या."

माझं डोकंच फिरलं. अरे, गेल्याच आठवड्यात किप्पूरच्या उपासाला यशया संदेष्ट्याचा धडा कोणी वाचला? ह्यानेच! काय तो गळा, काय ते डोळे मिटणं! नुसतं उपाशी राहून देवाला फसवू नका, बेघराला घरात घ्या, असं तो संदेष्टा कंठशोष करून सांगतोय, आणि हा पठ्ठ्या पुस्तक मिटून घरी येतो नि माणसाला बाहेर काढतो!

"कद्दीशला हा चालतो, आणि मागच्या खोलीत चालत नाही?" मी ओरडलेच.

"मावशी, आजींचा कद्दीश होऊ द्या, मग जातो मी," दानियल म्हणाला. मला रडूच फुटलं. आईचा हात आठवला.

मी त्याची बॅग उचलली. "चल माझ्याकडे. जेवलायस का काही?"

"ताई, आईचा कद्दीश आहे!" सॅमी दारात आडवा आला. "हा गेला तर नऊच उरू आम्ही!"

मी सगळ्यांकडे पाहिलं. जो तो खाली कार्पेटकडे बघत बसलेला.

"नऊ?" मी म्हणाले. "मला तर इथे एकही दिसत नाही." आणि आईचा कद्दीश तसाच टाकून, रडत रडत, दानियलला घेऊन निघाले.