मिठू बरा आहे

माझा भाऊ बेचाळीस वर्षांचा आहे, पण सगळे त्याला अजून मिठूच म्हणतात. एकदा पढवलेलं तो विसरत नाही. कुणी "कसा आहेस?" विचारलं की "बरा आहे" म्हणायचं, हे आईने त्याला शिकवलेलं. ताप असो, दाढ किडलेली असो, मिठू बराच असतो. पुढचं सगळं मी बोलते. वर्षापूर्वी आई गेली, तेव्हापासून घरात दोघांच्या वाटचं मीच बोलते आणि मीच ऐकते.

महिनाभर तो अर्धं ताट टाकत होता. दोनदा दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी ठोकून दिलं, "पित्त झालं असेल, दिवसभर चरत असतो." गोळ्या घेऊन परत आलो. माझ्यासारखी शहाणी मीच!

तिसऱ्या खेपेला नवी सिस्टर होती. मिठूसारख्यांसाठी ती दुपारची शेवटची वेळ राखून ठेवायची; तेव्हा बाकावर गर्दी नसायची. तिने मिठूला विचारलं, "काय होतंय?" मी तोंड उघडलं.

"ताई, तुम्ही नाही. पाच मिनिटं गप्प बसाल?"

असा राग आला! काल आलेली पोर मला शिकवणार. पण बसले हाताची घडी घालून.

तिने टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर माणसाची नुसती आकृती होती. "ह्याला कुठे दुखतंय, दाखव बरं."

मिठूने लाल पेन्सिल घेतली आणि उजव्या बरगडीखाली गिरगटत सुटला. कागद फाटला तेव्हा थांबला.

"बाप रे, खूपच दुखतंय ह्याला. मग हा सांगत का नाही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी सोडली नाही. मग तो कागदाकडे बघत म्हणाला, "आई म्हणाली, दुखतंय. मग गाडी आली. आई परत नाही आली." पेन्सिल खाली ठेवली. "हा गेला तर ताई एकटी."

ह्याला काय कळतंय, असं म्हणत वर्षभर मी एकटीच रडले होते.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. पित्ताशय सुजलं असावं, म्हणाले, आजच मोठ्या हॉस्पिटलात भरती करा. थोड्या वेळाने दारात गाडी लागली. मिठूने दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"बरा आहे," तो सिस्टरला म्हणाला. "बरा आहे, बरा आहे." मग माझ्याकडे वळला. "ताई, तू सांग ना."

जन्मभर त्याच्या वतीने बोलले, पण "तू बोल" असं त्याने स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा सांगत होता.

"दुखतंय त्याला," मी म्हणाले. "खूप दुखतंय. मी बरोबर येते."

आईने शिकवलेलं मी विसरले कशी, अशा नजरेने मिठू माझ्याकडे बघत राहिला.